येन्सच्या नावाची मूठ

नांदखेड्याच्या वच्छलाबाईला सारं गाव अक्का म्हणत असे. पाचोऱ्याहून भडगावकडे जाणाऱ्या एस.टी.तून फाट्यावर उतरून मैलभर चाललं की तिचं घर लागे. पुढे ओसरी, ओसरीवर खाट, आणि पंच्याऐंशी सालच्या दिवाळीपासून त्या खाटेवर डेन्मार्क देशाचा एक सहा फूट दोन इंच उंचीचा माणूस. खाट पावणेसहा फुटांची होती. उरलेले पाय तो एका भरल्या पोत्यावर ठेवी. त्या पोत्यात कधी भुईमूग असे, कधी सरकी.

त्याचं नाव येन्स. तिकडच्या एका संस्थेनं त्याला दोन वर्षांच्या करारावर खानदेशात बिनधुराच्या चुली बांधायला पाठवलं होतं. पगार नाही, नुसतं पोटापुरतं. त्याला ठेवून घ्यायचं कोणी, असं सरपंचानं विचारलं तेव्हा गावातल्या प्रत्येकाकडे एकेक पक्कं कारण होतं. कोणाची म्हैस व्यायला आली होती, कोणाच्या घरी सोयरे यायचे होते. अक्काला वेळेवर कारण सुचलं नाही. पुढे तिच्या मोठ्या मनाबद्दल गावात बरंच बोललं गेलं, पण खरी गोष्ट एवढीच होती.

येन्स पहाटे उठे, बाजरीची भाकर आणि ठेचा खाई, डोळ्यांतलं पाणी पुसून 'झकास' म्हणे आणि सायकलला माती-शेणाच्या पाट्या बांधून निघे. पहिल्या दीड वर्षात त्यानं त्रेसष्ट चुली बांधल्या. चुली खरोखरच धूर करत नव्हत्या, आणि हाच त्यांचा दोष निघाला. धूर नाही तर छपरातले किडे मरायचे कसे, टांगलेली लसूण टिकायची कशी? बायकांनी जुन्या चुली चालू ठेवल्या आणि नव्यांत कोंबड्या बसवल्या. येन्स दर महिन्याला घरोघर फिरून पाहणी करी आणि वहीत लिही, 'चूल वापरात आहे.' ते खोटंही नव्हतं.

भाषा त्याला अक्कानं शिकवली, म्हणजे तिच्याजवळ होती ती खानदेशी बोली. पुस्तकातली मराठी त्याला कधी भेटलीच नाही. तालुक्याच्या कचेरीत जाऊन तो पुण्याकडच्या साहेबाला म्हणाला, "साहेब, तू सिमिट कव्हय दिशी? मी तीन फेरा मारी ऱ्हायनू." साहेबांना त्यातलं फक्त 'तू' कळलं. त्यांनी शिपायाला बोलावलं, शिपाई धुळ्याकडचा होता, त्यानं भाषांतर केलं. गोऱ्या माणसाचं बोलणं शिपायाकडून समजून घ्यावं लागतं ही गोष्ट साहेबांनी मनाला लावून घेतली. सिमेंट आलं नाही.

एक गोष्ट अक्कानं गावापासून लपवली होती. येन्सच्या वडिलांची तिकडे चारशे डुकरं होती. कोणी विचारलं की ती सांगे, "ढोरं शेत. भू ढोरं शेत." पुष्कळ गुरं आहेत एवढं म्हणून विषय बदली.

आता मुठीचं. शहाऐंशीच्या श्रावणात ती चूक झाली.

खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, गहू काढायचे ते घरातल्या पुरुषांच्या नावानं, दर नावामागे सव्वा मूठ. तान्ह्या मुलाचीही मूठ असते आणि म्हाताऱ्याचीही. नाव घ्यायचं आणि मूठ सुपात टाकायची. चक्कीवाला आधी चक्की धुऊन घेतो, मगच ते गहू दळतो. त्या पिठाच्या पोळ्या घरच्यांनीच खायच्या, परक्याला तुकडा द्यायचा नाही, आणि राखीपौर्णिमेच्या आत पीठ संपलं पाहिजे. ज्याच्या नावाची मूठ, त्यानं घास खाल्लाच पाहिजे. त्यासाठी सुरतेच्या गिरणीतली माणसं गाडीच्या टपावर बसून येत.

अक्काच्या घरात चार मुठी होत्या. थोरला चुडामण, धाकटा अभिमन, आणि चुडामणची दोन पोरं. एके काळी पाच होत्या. मधला भटू चौऐंशी साली कापसाच्या ट्रॉलीखाली सापडला. पंच्याऐंशीच्या श्रावणात अक्काचा हात पाचव्यांदा गव्हात गेला होता आणि रिकामा बाहेर आला होता. ज्याचं नाव मुठीतून गळतं तो मेलेला असतो, एका चुलीच्या घरात दुसऱ्या कुठल्या कारणानं नाव गळत नाही. त्या दिवशी अक्का जेवली नव्हती.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं. चार नावं घेऊन झाली आणि हात सवयीनं गव्हात गेला. मूठ भरली, पण नाव नव्हतं. समोर ओसरीवर येन्स सायकलचं पंक्चर काढत होता. त्यानं मान वर केली. अक्काच्या तोंडून निघून गेलं, "येन्स." आणि मूठ सुपात पडली, वर पाव मूठही पडली.

सून कुंदाबाई सूप धरून बसली होती. तिनं विचारलं, "अक्का, कोनं नाव लिधं?"

अक्कानं सुपात पाहिलं. आपण काय करून बसलो ते तिला कळलं होतं. गव्हाला गहू मिळाले होते आणि त्यातले येन्सचे कोणते ते आता कानबाईलाच माहीत.

भाऊबंदकीचे म्होरके म्हणजे तिचे चुलत दीर उखर्डू नाना. एकेचाळीस घरांचा निवाडा ते करत. त्यांनी सूप पाहिलं, येन्सला पाहिलं, तंबाखू मळली आणि सांगितलं की मूठ बाहेर काढता येणार नाही, कारण जिवंत माणसाची मूठ काढणं म्हणजे त्याला मारणं. "आते हाऊ आपला भाऊबंद शे," ते म्हणाले. "कोनी काही बोलानं नही." मग त्यांनी येन्सला विचारलं की तुला कळलं का. येन्सनं मान हलवली. पोळ्या खायच्या आहेत, एवढं त्याला कळलं होतं. त्यानं अकरा खाल्ल्या.

नाना अर्धवट काम करणारे नव्हते. भाऊबंद म्हणजे सगळ्याच बाबतीत भाऊबंद. येन्सला कोणाच्या साखरपुड्यात कुठे बसायचं ते ठरवून मिळालं. बांधाच्या एका भांडणात तो कोणत्या बाजूचा तेही ठरलं, आणि समोरच्या बाजूनं त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला हे सात महिन्यांनी कळलं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या माघात डेन्मार्कहून तार आली. येन्स आदल्याच दिवशी जळगावला दहा दिवसांच्या शिबिराला गेला होता, आणि शिबिर नेमकं कुठे ते गावात कोणाला ठाऊक नव्हतं. शाळेतल्या पंडित मास्तरांनी तार वाचली. येन्सचा आजा वारला होता.

नानांनी तार उलटसुलट करून पाहिली आणि सुतक जाहीर केलं. अभिमनचा साखरपुडा चार दिवसांवर होता, मुलीकडच्यांनी जामनेरला आचारी सांगून ठेवला होता. चुडामण म्हणाला, "नाना, तो आजा कितला दूर मरना. विमानघाई बी दोन दिन लागतस." नाना म्हणाले की सुतक काही एस.टी.नं येत नाही. साखरपुडा पुढे गेला. एकेचाळीस घरांतल्या देवपूजा बंद झाल्या. जामनेरच्या सोयऱ्यांना कळवलं की आमच्यात मयत झाली आहे. कुठे, असं त्यांनी विचारलं. डेन्मार्कला, असं कळवलं. ते दोन दिवस विचारात पडले आणि मग त्यांच्यातले तिघे भेटायला आले.

दहाव्या दिवशी येन्स फाट्यावर उतरून चालत आला, तर नदीकाठी न्हावी बसलेला आणि भाऊबंदकीतली सत्तावन्न डोकी तुळतुळीत झालेली. तो घाबरला. धावत नानांकडे गेला आणि विचारलं, "नाना, कोन मरनं?"

"तुना आजा," नाना म्हणाले. "बस. तुना नंबर शे."

येन्स बसला. वस्तरा फिरत असताना तो रडला, आणि समोरच्या सत्तावन्न माणसांपैकी निम्मी रडली. त्याच्या आजाला तिथल्या कोणीही पाहिलं नव्हतं. पुढे त्यानं तिकडे पत्रात हे लिहिलं, तर त्याच्या आईनं उलट विचारलं की ही माणसं नेमकी कोण आहेत. त्याला नीट लिहिता आलं नाही.

अशी दोन वर्षांची पाच झाली. त्रेसष्ट चुली केव्हाच बांधून झाल्या होत्या. येन्स आता पडलेल्या चुली लिंपायचा, कापूस वेचायला जायचा, अक्काला बाजारातून तंबाखूची पुडी आणायचा. दर श्रावणाच्या आधी तो तिकडे एक पत्र टाकी आणि करार वर्षानं वाढे. त्याबद्दल त्याला कोणी विचारलं नाही. अक्कानं तर नाहीच.

नव्वदच्या ज्येष्ठात संस्थेनं कळवलं की या जिल्ह्यातलं काम बंद होत आहे आणि परवानाही वाढणार नाही. आषाढ संपायच्या आत येन्सनं देश सोडायचा होता.

गावाला वाईट वाटलं, पण अक्काला वाईट वाटायला सवड नव्हती. श्रावण महिन्यावर आला होता. मूठ घालावी तर येन्स खायला नाही, आणि न घालावी तर तो मेला. ही गोष्ट तिनं कुंदाबाईला सांगितली, चुडामणला सांगितली, आणि शेवटी पदर सावरून नानांच्या ओट्यावर जाऊन बसली. "नाना," ती म्हणाली, "मी एक डाव हात रिकामा काढा. आखो नही काढाव."

रिकाम्या हाताची पुन्हा वेळ येऊ द्यायची नाही, हे नानांनी हलक्यात घेतलं नाही. पंडित मास्तरांना पाचोऱ्याच्या पोस्टात पाठवलं. रोट पार्सलनं गेला तर किती दिवस? पोस्टमास्तरांनी तक्ता काढून सांगितलं, बोटीनं अडीच महिने, आणि शिजवलेलं अन्न घेत नाहीत. रोटानंतर पौर्णिमा तर आठ-नऊ दिवसांत. तो रस्ता बंद झाला.

मग नानांना वाटणी सुचली. वेगळा झालेला मुलगा आपल्या घरी आपली मूठ घेतो. जुन्या घरात त्याचं नाव घेत नाहीत, आणि तरी तो ठणठणीत असतो. येन्स वेगळा झाला की प्रश्न मिटला. सगळ्यांना हे पटलं. चुडामणला जमिनीची जरा धाकधूक होती, पण येन्सनं ओसरीवरची खाटेपुरती जागा, एक तवा आणि एक लोटा एवढ्यावर सही करायचं कबूल केलं.

अडचण एकच निघाली. भांडण.

नानांनी आयुष्यात एकवीस वाटण्या केल्या होत्या आणि त्यातली एकही भांडणाशिवाय झाली नव्हती. जमिनीच्या सिलिंगचा कायदा आला त्या वेळी गावानं कागदावर पुष्कळ खोट्या वाटण्या केल्या होत्या, एका चुलीवर जेवून सात वेगळे दाखले काढले होते. "पन कानबाई काय तहसीलदार शे का?" नाना म्हणाले. "तिले कागद नही चालाव. पहिले खरं भांडन व्हवाले पाहिजे."

येन्सला पाच वर्षांत अक्काशी भांडता आलं नव्हतं, आता आठवडाभरात शिकायचं होतं. कुंदाबाईनं शिकवणी घेतली. सर्वांत सोपं म्हणून जेवणावरून सुरुवात करायचं ठरलं. नाना, पंडित मास्तर आणि दहाबारा भाऊबंद साक्षीला येऊन बसले. येन्सनं भाजीचा घास घेतला आणि पाठ केलेलं म्हणाला, "अक्का, भाजीमा मीठ नही. असं खावानं नही मी." मग अक्काचं तोंड पाहून त्याच्यानं राहवलं नाही. "पन सवाद भू चांगला शे," तो म्हणाला.

अक्कानं भाजी चाखली. "खरंच कमी शे रे," ती म्हणाली आणि मीठ आणायला उठली. साक्षीदारांना चहा झाला. नानांनी वाटणी नामंजूर केली.

दुसऱ्या दिवशी चुडामणनं पुढाकार घेतला. पाच वर्षं आमची ओसरी अडवलीस, तुझ्या पायामुळं सरकीचं पोतं फाटलं, असं तो ओरडला. त्याचा आवाज चांगला लागला होता. येन्सनं सगळं ऐकून घेतलं, विचार केला, आणि पोत्याबद्दल इतकी मनापासून माफी मागितली की चुडामणच्या डोळ्यांत पाणी आलं. अभिमनला तर भांडायचंच नव्हतं. तो म्हणाला, मी ऐन वेळी हसेन.

निघायचा दिवस उजाडला. दहाची एस.टी. होती. नाना आणि मास्तर अक्काच्या ओट्यावर कोरा कागद घेऊन बसले होते, पण दोघांनी आशा सोडली होती. येन्स वळकटी बांधत होता. अक्का कैरीच्या लोणच्याच्या डब्याला फडकं बांधत होती, आणि गाठ तिला बसत नव्हती.

येन्सला वाटलं काहीतरी बरं बोलावं. तो म्हणाला, "अक्का, मी दोन वरीसमा परत येसू."

अक्काच्या हातातला डबा खाली आला. "खोटं बोलू नको," ती म्हणाली.

"खोटं नही. येसू."

"कोनी येत नही." आवाज चढला होता, तो तिचा तिलाच ओळखू आला नसता. "भटू बी सकाळे म्हने, सांजले येसू. माले असं बोलीसन जावानं नही. जावानं शे ते जाय. येसू म्हनानं नही. तू काय समजस, म्हतारीले गोड बोलीसन फसाडी दिसू?"

येन्स उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. पाच वर्षांत कोणी त्याला असं पाहिलं नव्हतं. "आनि तू?" तो म्हणाला. "माले इचारं व्हतं का तू? मूठ टाकी दिधी, माले इचारं नही. दोन वरीसना करार व्हता मना. मनी माय तठे वाट देखी ऱ्हायनी. दर वरीसले ती लिखस, कव्हय येशी. दर वरीसले मी लिखस, यंदा नही. चुली कव्हयच सरन्यात, अक्का. मी काय चुलीसना करता ऱ्हायनू?"

ओट्यावर नाना तंबाखू मळायचे थांबले. अक्का भिंतीला टेकली. हा मुलगा आपल्या एका मुठीनं चार वर्षं बांधून ठेवला आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं, कारण उत्तर ऐकायचं नव्हतं. तिला त्याचा राग आला होता तो तसाच होता, आणि आता स्वतःचाही आला.

"मंग तव्हयच बोलना कसाले नही?" तिनं विचारलं.

"तुना हात देखा मी," येन्स म्हणाला. "गव्हूमा. तो थांबना व्हता."

मग अक्का म्हणाली, "तुनी मायना घात करा मी," आणि खाली बसून रडायला लागली. येन्स रागातच तिच्याजवळ बसला, पण तिचा हात धरला नाही, इतका तो चिडलेला होता. कुंदाबाई दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती.

नानांनी घसा साफ केला. "लिख, मास्तर," ते म्हणाले. "भांडन व्हयनं."

मास्तरांनी लिहायला घेतलं. ओसरीवरची खाटेपुरती जागा. तवा एक. लोटा एक. सही चुडामण, सही अभिमन, आणि येन्सची सही, जी गावात कोणाला वाचता आली नसती. नाना नियमानं एकेक कलम विचारत गेले आणि नियमानंच त्यांच्या तोंडून शेवटचं कलमही निघालं, जे प्रत्येक वाटणीत शेवटी निघतं.

"म्हतारी कोनाकडे ऱ्हाई?"

मास्तरांची लेखणी थांबली. चुडामणनं नानांकडे पाहिलं. नानांना आपली चूक कळली होती, पण निघालेला प्रश्न मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती.

अक्कानं नाक पुसलं. ती भांडणाच्याच आवाजात म्हणाली, "सहा महिना चुडामणकडे, सहा महिना याकडे. मना आंडोर शे तो. लिख."

कोणी हसलं नाही. मास्तरांनी येन्सच्या नावापुढे मुलगा असं लिहिलं, आणि खाली, सहा महिने डेन्मार्क.

फाट्याकडून एस.टी.चा हॉर्न ऐकू आला. येन्सनं वळकटी खांद्याला लावली, आणि मग पुन्हा खाली ठेवली. एकवीस वाटण्यांत नानांनी या कलमावर मुलांना हुज्जत घालताना पाहिलं होतं, दिवस कापताना पाहिलं होतं, म्हातारी दुसऱ्याच्या दारात सोडून जाताना पाहिलं होतं. या मुलानं जे विचारलं ते आजवर कुठल्याच मुलानं विचारलं नव्हतं.

"अक्का," तो म्हणाला, "कोनता सहा महिना?"